समईच्या गावातील कारखानदारी

कारखान्याची कार्यक्षमता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच धुराडी, अजस्र यंत्रे आणि पाळीच्या भोंग्यासरशी आत शिरणारे हजारो कामगार उभे राहतात. परंतु हा प्रश्न केवळ मोठ्या गिरण्यांचा नाही. ज्या छपराखाली चारपाच माणसे भट्टी, साचे आणि कानस यांच्यावर पोट भरतात, तेथे तो अधिक निकडीचा आहे. मोठा कारखाना थोडी नासाडी पचवू शकतो. लहान कारागिराच्या बाबतीत तीच नासाडी त्याच्या घरच्या पानातून वजा होते.

यासाठी आपण तामिळनाडूतील नाचियारकोविल या गावाकडे पाहू. कुंभकोणमजवळचे हे गाव पूर्वीच्या तंजावर राज्याच्या मुलखातले. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तेथे भोसले घराण्याचे राज्य होते, त्यामुळे मराठी माणसाला हा प्रदेश परका वाटू नये. येथील पितळी समया सर्व दक्षिण देशात प्रसिद्ध असून त्यांना भौगोलिक निर्देशनाची मान्यताही मिळालेली आहे. तमिळमध्ये समईला ‘कुत्तुविळक्कु’ म्हणतात. तिचे बैठक, दांडा, तेलाची वाटी आणि वरचा शेंडा असे चार भाग निरनिराळे ओतून आट्यांनी एकमेकांत बसवतात. शेंड्यावर बहुधा हंस असतो. कावेरीच्या खोऱ्यातील बारीक गाळाची माती साच्यांसाठी उत्तम ठरल्यामुळे हा धंदा येथे रुजला.

आता या कामात नासाडी कोठे होते ते पाहू. पहिले ठिकाण भट्टी. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्र धातू. तो साधारणपणे ९०० ते ९५० अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळतो. शुद्ध जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे मूस गरजेपेक्षा अधिक तापवली, की रसातील जस्त पांढऱ्या धुराच्या रूपाने उडून जाऊ लागते. हा धूर म्हणजे विकत घेतलेला धातू हवेत सोडणे होय. शिवाय तो श्वासावाटे आत गेला की कामगाराला थंडी वाजून ताप भरतो. म्हणून मुशीवर झाकण ठेवणे, रसावर कोळशाच्या भुकटीचा थर देणे, रस तयार होताच विलंब न लावता ओतणे आणि छपराला धूर जाण्यास वाट ठेवणे, या गोष्टींनी धातू, इंधन आणि प्रकृती या तिन्हींची बचत होते.

दुसरे ठिकाण साचा. माती अधिक ओली राहिली तर तप्त रसाच्या स्पर्शाने तिच्यातील पाण्याची वाफ होते आणि ओतिवात पोकळ्या राहतात. माती अगदी कोरडी असली तर साच्याची कड ढासळते. अनुभवी कारागीर माती मुठीत दाबून तिचा ओलावा ओळखतो. ही पारख मोलाची आहे, परंतु ती एका माणसाच्या मुठीत राहू नये. इतक्या मातीस इतके पाणी, हे माप एकदा ठरवून लिहून ठेवले तर नवशिक्याच्या हातूनही साचा नीट उतरेल.

समजा, शंभर ओतिवांपैकी पंधरा फुकट जातात. फुटका भाग पुन्हा वितळवता येतो, असे आपण स्वतःचे समाधान करून घेतो. परंतु त्यावरील इंधन, मजुरी आणि दिवस परत येत नाहीत. तेच प्रमाण पाचावर आणले, तर त्याच भट्टीतून, तितक्याच तासांत पंचाऐंशीऐवजी पंचाण्णव भाग मिळतील. उत्पादन सुमारे १२ टक्क्यांनी वाढले आणि कोणाला अधिक घाम गाळावा लागला नाही.

दोष जितका उशिरा सापडेल तितका तो महाग पडतो. नाचियारकोविलच्या विष्णुमंदिरातील पाषाणाच्या गरुडाविषयी अशी श्रद्धा आहे की उत्सवात मूर्ती गाभाऱ्याबाहेर येऊ लागली की तिचा भार पावलागणिक वाढतो. आधी चार, मग आठ, मग सोळा असे खांदेकरी लागत जातात. कारखान्यातील दोषाचेही तसेच आहे. ओतताच दिसलेले भोक पुन्हा मुशीत टाकून निस्तरता येते. तेच भोक लेथवर कातून, कानशीने घासून आणि झिलई देऊन झाल्यावर दिसले, तर त्या सर्व मेहनतीचा भार त्याच्यावर चढलेला असतो. म्हणून तपासणी शेवटी एकदा न करता प्रत्येक टप्प्यावर करावी.

तिसरी गोष्ट हालचालींची. विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रँक गिलब्रेथ या अमेरिकन गृहस्थाने गवंड्याचे काम बारकाईने पाहिले. वीट रचताना होणाऱ्या अठरा हालचाली त्याने सुमारे पाचांवर आणल्या. विटा गवंड्याच्या हाताच्या उंचीवर येतील अशी सोय केली, हे त्यातले मुख्य मर्म. आपल्या छपरातही साच्याच्या पेट्या, माती, भट्टी आणि लेथ कामाच्या क्रमाने मांडले, हत्यारांना ठरलेली जागा दिली, तर दिवसाकाठी कितीतरी येरझारा वाचतील. समईच्या आट्यांची मापे एकसारखी ठेवली, तर कोणताही दांडा कोणत्याही बैठकीत बसेल आणि जोडणीच्या वेळी घासाघीस करावी लागणार नाही. कातताना पडणारा पितळेचा चुराही मातीत मिसळू न देता वेगळा साठवावा. तो स्वच्छ राहिला तरच त्याची किंमत टिकते.

येथे एक शंका घेतली जाईल. वेग वाढला तर कला मरणार नाही का? माझे उत्तर असे, की हंसाच्या मानेचे वळण कानशीने घडवताना घाई नकोच. परंतु हरवलेली हत्यारे शोधण्यात आणि फुटके साचे पुन्हा भरण्यात कसली कला आहे? तो वेळ वाचेल तेव्हाच हंसाला पुरेसा वेळ देता येईल. आपल्याकडे पितळेच्या वस्तूंची किंमत पुष्कळदा वजनावर ठरते, त्यामुळे धातूचा भाव दिसतो आणि कौशल्याचा झाकला जातो. कोणत्या समईला किती तास लागले याची नोंद कारागिरापाशी असेल, तर तो आपल्या श्रमाचे मोल व्यापाऱ्यापुढे ठामपणे मांडू शकेल.

१९५८ मध्ये आपल्या देशात राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली, तेव्हापासून उत्पादकता हा शब्द सर्वत्र रूढ झाला. त्याचा अर्थ माणसाला अधिक राबवणे असा घेतला तर कामगार त्याकडे संशयाने पाहील, आणि ते योग्यच होईल. वाचलेल्या धातूतील व वेळेतील वाटा काम करणाऱ्याच्या पदरात पडला पाहिजे. तसे झाले तरच त्याचा मुलगा भट्टीपाशी बसायला तयार होईल. आरंभासाठी नवे यंत्र लागत नाही. एक वही पुरे. रोज किती धातू मुशीत गेला, किती समया झाल्या, किती भाग फुटले आणि का फुटले, एवढे तिच्यात लिहावे. महिन्याभराने ती वही उघडली म्हणजे सुधारणा कोठून सुरू करायची हे तीच सांगेल.