दूर अवकाशातील यानांना अणुऊर्जेचा आधार

पृथ्वीभोवती फिरणारे बहुतेक उपग्रह सूर्यप्रकाशापासून वीज मिळवितात. सूर्यापासून दूर जाणाऱ्या यानांना मात्र ही सोय फार काळ पुरत नाही. सूर्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक-चतुर्थांश होतो. नेपच्यूनपाशी तर तो पृथ्वीवरील प्रकाशाचा सुमारे नऊशेवा भाग उरतो.

म्हणूनच अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने १९७७ साली सोडलेल्या व्हॉयेजर-१ व व्हॉयेजर-२ या यानांवर प्लुटोनियम-२३८ वर चालणारी प्रत्येकी तीन विद्युतजनित्रे बसविली. अणुशक्ती म्हटली की अणुभट्टी डोळ्यांपुढे उभी राहते. येथे भट्टी नाही. हे किरणोत्सारी द्रव्य आपोआप क्षय पावते आणि त्यातून अखंड उष्णता निघते. भिन्न गुणधर्मांच्या दोन अर्धवाहकांची जोडी करून तिचे एक टोक तप्त व दुसरे थंड राखले की वीज वाहू लागते. जनित्रात फिरणारा एकही भाग नाही. त्यामुळे झीज नाही, तेलपाणी नाही. जेथे दुरुस्तीस माणूस पाठविणे अशक्य, तेथे याहून मोठा गुण तो कोणता?

या इंधनाविषयी भीती वाटणे मात्र अकारण नाही. १९६४ साली एक अमेरिकी उपग्रह कक्षेत पोहोचू शकला नाही आणि त्यावरील प्लुटोनियम वातावरणाच्या वरच्या थरांत विखुरले. त्यानंतर, यान कोसळले तरी इंधन बाहेर पडू नये, अशा भक्कम आवरणांची योजना करण्यात आली.

उष्णतेचा थोडाच अंश विजेत उतरतो. उड्डाणाच्या वेळी प्रत्येक व्हॉयेजरला सुमारे ४७० वॅट वीज मिळत होती; शंभर वॅटचे पाच दिवेही तिच्यावर पूर्ण तेजाने लागले नसते. शिवाय प्लुटोनियम-२३८ दर ८७.७ वर्षांत निम्मे होते आणि अर्धवाहकांच्या जोड्याही क्षीण होत जातात. त्यामुळे दरवर्षी सुमारे चार वॅट वीज घटते.

या चार वॅटांची तोंडमिळवणी करण्यासाठी एकेक उपकरण बंद करावे लागते. व्हॉयेजर-१ चे कॅमेरे १९९० मध्येच बंद झाले. पुढे २०१२ साली हे यान व २०१८ साली व्हॉयेजर-२ सौरवाऱ्याची सीमा ओलांडून ताऱ्यांमधील अवकाशात शिरले. जेथील प्रत्येक नोंद अपूर्व, तेथेच काटकसर अधिक कठोर झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत व्हॉयेजर-१ वरील विश्वकिरणांचे मापन करणारे उपकरण बंद करण्यात आले, तर मार्चमध्ये व्हॉयेजर-२ वरील विद्युतभारित कणांची नोंद घेणारे.