अदृश्य मनुष्याचीं पावलें

शास्त्रीय कल्पनेवर रचलेला एखादा चित्रपट पाहून मुलें घरीं आलीं, म्हणजे जेवणाच्या वेळीं जो वाद माजतो तो पालकवर्गाच्या चांगल्याच परिचयाचा आहे. "तो इसम इतक्या लवकर तेथें पोंचला कसा?" "आरंभीं भित्रा असलेला मनुष्य पुढें एकाएकीं शूर कसा झाला?" असे प्रश्न निघतात, भाजी निवते, आणि अखेर वडील मंडळींपैकीं कोणी तरी निकाल देतात कीं, "अरे, सगळी गोष्टच मुळीं खोटी. तींत चूक ती कसली शोधतां?" हा निकाल आम्हांस मान्य नाहीं. तो कां मान्य नाहीं, हें एका जुन्या व प्रसिद्ध चित्रपटाच्या आधारें सांगण्याचें योजिलें आहे.

इंग्रज लेखक एच्. जी. वेल्स यांची 'दि इन्व्हिजिबल मॅन' म्हणजे 'अदृश्य मनुष्य' ही कादंबरी १८९७ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यावरून अमेरिकेंतील युनिव्हर्सल कंपनीनें १९३३ सालीं त्याच नांवाचा बोलपट काढिला. दिग्दर्शक जेम्स व्हेल, पटकथा आर्. सी. शेरिफ यांची, आणि ग्रिफिन या शास्त्रज्ञाच्या भूमिकेंत क्लॉड रेन्स. या नटाचें मुख प्रेक्षकांस अगदीं शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीं. आधीं तें पट्ट्यांनीं गुंडाळलेलें असतें, आणि पट्ट्या सोडल्या तर आंत कांहींच नाहीं! केवळ आवाजाच्या बळावर त्यानें सारा चित्रपट पेलला आहे. रिकामा सदरा खोलींतून चालतो, हें दृश्य जॉन फुल्टन यांनीं मोठ्या युक्तीनें साधलें. नटास नखशिखांत काळी मखमल नेसवून तिच्यावर नेहमींचे कपडे चढवावयाचे, काळ्या मखमलीच्याच पडद्यापुढें त्याचें चित्र घ्यावयाचें, व फिल्मवर उमटलेले नुसते कपडे दुसऱ्या चित्रांत बेमालूम बसवावयाचे. संगणकाचें नांवहि नसतां झालेलें हें काम आजहि पाहण्यासारखें आहे.

आतां वादाकडे वळूं. अशी गोष्ट सांगणारा आरंभींच आपणांपाशीं एक सवलत मागत असतो. भूमितीचा सिद्धान्त सोडवितांना 'समजा, हे दोन कोन समान आहेत' असें आपण म्हणतों, तशीच ही सवलत. 'समजा, मनुष्य अदृश्य होऊं शकतो.' ही एकदां दिल्यावर 'मनुष्य अदृश्य होईलच कसा?' असें विचारणारा गडी खेळांतून बाद झाला असें समजावें. परंतु 'समजा' म्हणून मागितलेली गोष्ट एकच असते. ती मिळाली म्हणून लेखकास मोकळें रान मिळालें असें नव्हे. उलट, त्या एका गोष्टींतून जें जें ओघानेंच निघतें, तें तें त्यानें पाळलें पाहिजे. वादाची खरी जागा येथें आहे. वडील मंडळींचा निकाल चुकतो तो येथेंच.

वेल्स यांचा ग्रिफिन पदार्थविज्ञानाचा अभ्यासक आहे. वस्तु प्रकाश शोषते, परतविते किंवा वांकविते म्हणून ती दिसते; यांपैकीं एकहि क्रिया घडली नाहीं तर ती दिसणार नाहीं, हा त्याचा मुद्दा. काच कुटून तिची पूड केली तर ती पांढरी दिसते, कारण प्रत्येक कणावर प्रकाश वांकतो व परततो. तीच पूड पाण्यांत टाकली कीं जवळ जवळ दिसेनाशी होते, कारण काच व पाणी यांच्या वक्रीभवनांकांतील अंतर थोडें आहे. भज्यांच्या पुड्याच्या कागदास तेल लागलें म्हणजे त्यांतून उजेड आरपार येऊं लागतो, हें कोणत्या विद्यार्थ्यास ठाऊक नाहीं? मनुष्यदेहाचा वक्रीभवनांक हवेइतका करितां आला, आणि रक्ताचा रंग घालवितां आला, तर मनुष्यहि त्या तेलकट कागदाच्या वाटेनें जाईल, असें ग्रिफिन म्हणतो. तें साधण्याची पूर्ण कृति वेल्स देत नाहीं, व ती मागण्याचा आपणांस अधिकारहि नाहीं; ती सवलतींत आली.

मात्र या विचारसरणीला एक मोठें भोंक आहे, आणि तें डोळ्याचें. डोळ्यांतील भिंगानें प्रकाश वांकवून दृष्टिपटलावर चित्र पाडावयाचें, व दृष्टिपटलानें तो प्रकाश शोषून मेंदूकडे वर्दी द्यावयाची, तेव्हां कोठें आपणांस दिसतें. भिंग हवेसारखें झालें तर चित्र पडणार नाहीं. पटल पारदर्शक झालें तर प्रकाश न थांबतां निघून जाईल. म्हणजे जगास मुळींच न दिसणाऱ्या मनुष्यास जगहि दिसणार नाहीं! रशियन लेखक याकोव्ह पेरेलमन यांनीं पदार्थविज्ञानाच्या आपल्या मनोरंजक पुस्तकांत हा आक्षेप मांडला आहे. त्या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर सोव्हिएट काळांत आपल्या देशांतहि पुष्कळ खपलें. कांहीं पालकांच्या कपाटांत तें अद्यापि असेल.

वेल्स यांस ही अडचण अजीबात सुचलीच नव्हती, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. कादंबरींत ग्रिफिन प्रथम एका पांढऱ्या मांजरीवर प्रयोग करितो. मांजर नाहींशी होते, परंतु तिच्या डोळ्यांच्या मागचा रंग कांहीं केल्या जात नाहीं. पुढें तो स्वतः आरशापुढें उभा राहतो, तेव्हांहि दृष्टिपटलाच्या मागें धुक्याहून विरळ असा रंग उरलेला त्यास दिसतो. म्हणजे लेखकानें अर्धी अडचण ओळखून तिच्यावर पडदा टाकिला. भिंगाची अर्धी तशीच राहिली. हा दोष खरा आहे, पण आमच्या मतें क्षम्य आहे. नायक आंधळा झाला तर पुढची गोष्टच उरत नाहीं, तेव्हां हाहि त्या पहिल्या सवलतींतच धरावा. येथें आम्हांशीं मतभेद असणारे पुष्कळ निघतील, व त्यांचें म्हणणें निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

चित्रपटांतील एका दोषास मात्र अशी सूट देतां येत नाहीं. ग्रिफिन आपला सहकारी केम्प यास अदृश्यपणाचे नियम स्वतः समजावून सांगतो. जेवणानंतर तासभर लपून बसावें लागतें, कारण पोटांतील अन्न पचेपर्यंत दिसतें. पावसांत बाहेर पडलें तर डोक्याखांद्यांवरचें पाणी दिसतें. धुराच्या शहरांत अंगावर काजळी बसून आकृति उमटते. पायांची धूळ पुसावी लागते. नखांतील मळसुद्धां घात करील. कपडे तर अदृश्य होतच नाहींत, म्हणून कोणास दिसूं नये असें वाटलें कीं त्यास उघड्या अंगानें व अनवाणी हिंडावें लागतें. नियम किती बारकाईनें घातले आहेत पाहा! आणि मग शेवट येतो. बर्फ पडलेलें आहे, ग्रिफिन एका कोठारांत झोंपला आहे, पोलीस सभोंवार वेढा घालून कोठार पेटवितात. दार हलतें, आणि स्वच्छ बर्फावर एकामागून एक पावलें उमटूं लागतात. प्रेक्षकांचा श्वास रोधला जातो. परंतु तीं पावलें नीट पाहावीं: तीं अनवाणी पायाचीं नसून बुटांचीं आहेत!

या बुटांविषयीं चित्रपटाच्या चाहत्यांत आजवर पुष्कळ चर्चा झाली आहे. त्यानें कोठारांत कोणाचे तरी बूट घातले असावेत, असें कोणी म्हणेल. पण मग बर्फावरून दोन रिकामे बूट चालतांना दिसावयास पाहिजे होते. थंडीमुळें पायांस चिंध्या बांधल्या असाव्यात, असें म्हणावें, तर चिंध्याहि दिसल्या असत्या. कोणत्याहि बाजूनें गेलें तरी सुटका नाहीं. ही चित्रपटांतील शुद्ध चूक आहे, आणि ती जगाच्या नियमाविरुद्ध नसून चित्रपटानें स्वतः घातलेल्या नियमाविरुद्ध आहे, हें तिचें वैशिष्ट्य. तरीहि ती हाताची चूक. कथेचा पाया तिनें हलत नाहीं. पावलांचा ठसा बदलला असता कीं झालें.

आपल्याकडे १९८७ सालीं निघालेल्या 'मिस्टर इंडिया' या हिंदी चित्रपटानें ही अडचण मुळांतच टाळली. तेथें मनगटावरील यंत्राच्या योगानें नायकाचे कपडेहि त्याच्याबरोबर अदृश्य होतात, व तांबड्या प्रकाशांत तेवढा तो दिसतो. तांबड्या प्रकाशाची ही तोड आम्हांस फार आवडते, कारण ती आधीं सांगून मग कथेंत पाळलेली आहे. परंतु अंगावरचा सदरा अदृश्य होतो, आणि हातांत उचललेली वस्तु मात्र अधांतरीं तरंगतांना दिसते, हें कसें? सदरा आणि हातांतील वस्तु यांत यंत्र भेद कसा करितें? हा प्रश्न आम्हीं लहान मुलांच्या तोंडून ऐकिला आहे, आणि मोठ्यांकडून त्यास समाधानकारक उत्तर मिळालेलें ऐकिलें नाहीं.

आतां अधिक महत्त्वाचा भाग, तो म्हणजे स्वभावाचा. कादंबरींतील ग्रिफिन अदृश्य होण्यापूर्वींच निर्दय आहे. प्रयोगांस पैसा पाहिजे म्हणून तो बापाची चोरी करितो. तो पैसा बापाचा स्वतःचा नसल्यामुळें बाप गोळी घालून घेतो, आणि मुलास त्याचें दुःखहि होत नाहीं. अदृश्य झाल्याबरोबर आपला माग लागूं नये म्हणून राहतें घर पेटवून देतो. पुढें तो दहशतीचें राज्य स्थापण्याच्या गोष्टी बोलतो, तेव्हां वाचकास धक्का बसतो, पण आश्चर्य वाटत नाहीं. बी जें पेरलें तेंच उगवलें.

चित्रपटांत निराळें आहे. येथील ग्रिफिनला फ्लोरा नांवाची वाग्दत्त वधू आहे, तिचे वडील डॉ. क्रॅन्ली हे त्याचे वरिष्ठ आहेत, आणि त्याच्या क्रौर्याचें खापर 'मोनोकेन' नांवाच्या एका कल्पित औषधावर फोडलें आहे. तें हिंदुस्थानांत उगवणाऱ्या एका फुलापासून काढितात, असें डॉ. क्रॅन्ली सांगतात. (परदेशी पटकथाकारांस कांहीं अद्भुत पाहिजे असलें कीं त्यांस आपला देश आठवतो!) तें औषध रंग घालवितें, पण त्यानें वेडहि लागतें. इंग्रजी पुस्तकांत फक्त रंग घालविण्याचा गुण दिलेला आहे. वेडाची हकीकत एका जर्मन पुस्तकांत आहे, आणि ती ग्रिफिनला ठाऊक नसावी, अशी डॉ. क्रॅन्ली भीति व्यक्त करितात. आपल्या शास्त्रज्ञास चित्रपटवाल्यांनीं वेडा ठरविलें, ही गोष्ट वेल्स यांस रुचली नाहीं. त्यावर व्हेल यांनीं असें उत्तर दिल्याचें सांगतात कीं, मी अदृश्य होणार असें म्हणणारा मनुष्य समंजस लोकांच्या दृष्टीनें आधींच वेडा असतो. उत्तर चतुराईचें आहे, पण त्यानें प्रश्न सुटत नाहीं, कारण चित्रपटांत वेड आधीं नसून औषधानें आलेलें आहे.

या ठिकाणीं चाहत्यांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ग्रिफिन बिचारा निर्दोष. फ्लोरा भेटतांच त्याचा आवाज कसा मृदु होतो पाहा, आगगाडी रुळांवरून घालवून माणसें मारणारा तो खरा ग्रिफिन नव्हेच. दुसरा विचारतो, मग केम्पला 'उद्यां रात्रीं दहा वाजतां तुला मारीन' असें बजावून, पोलिसांचा पहारा चुकवून, ठरल्या घटकेस मारणारा मनुष्य वेडा कसा? (कादंबरींतील केम्प जिवंत राहतो, हेंहि येथें सांगून ठेवितों.) आणि तो फ्लोरेपाशींच कबूल करितो कीं, मी दरिद्री होतों, तुला देण्यासारखें मजजवळ कांहीं नव्हतें, म्हणून पैसा व कीर्ति मिळविण्यासाठीं हें केलें. बुटांची चूक एका दिवसांत दुरुस्त झाली असती. ही विसंगति दुरुस्त करावयाची तर मनुष्याच्या कृत्यांचा जाब मनुष्याकडे मागावयाचा कीं औषधाकडे, हें पटकथाकारास आधीं ठरवावें लागलें असतें, आणि त्यानें तें ठरविलेलें दिसत नाहीं. प्रेक्षकानें ग्रिफिनला भ्यावें व त्याची कींवहि करावी, असें दोन्ही त्यास पाहिजे होतें.

आमचा कौल दुसऱ्या पक्षास आहे, आणि त्याचा पुरावा चित्रपटांतच आहे. औषध कसें घेतलें हें ग्रिफिन स्वतः केम्पला सांगतो: महिनाभर, दररोज, दंडाच्या कातडीखालीं थोडें थोडें टोंचून. महिन्याच्या अखेरीस सुई हातीं धरणारा ग्रिफिन वेडा होता, असें वाटल्यास मानावें. पहिल्या दिवशीं ती हातीं धरणारा ग्रिफिन पूर्ण शुद्धीवर होता, आणि आपण काय करितों आहों हें त्यानें त्याहि दिवशीं फ्लोरेस किंवा तिच्या वडिलांस सांगितलें नव्हतें.