मागेल त्याला काम : वि. स. पागे यांची देणगी



पाऊस दडी मारतो, शेतातले काम संपते आणि ज्याचे पोट हातावर आहे त्याच्या घरची चूल थंडावते. अशा वेळी सरकारने दुष्काळी कामे काढायची, ही पद्धत इंग्रजांच्या अमदानीपासूनची. पण ती कामे केव्हा निघत? आधी पिकाची आणेवारी ठरायची, मग दुष्काळ जाहीर व्हायचा, मग खडी फोडायला माणसे लागायची. उपाशी माणसाने तोवर काय करावे? बरे, पाऊस बरा झाला तरी भूमिहीन मजुराला उन्हाळ्यात काम कुठे असते? त्याचा दुष्काळ दरसालचाच.

हे दुखणे नेमके ओळखले ते विठ्ठल सखाराम पागे यांनी. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातले विसापूर हे त्यांचे गाव. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. एवढ्या मानाच्या खुर्चीवर बसूनही त्यांचे लक्ष गावच्या मजुरावरच राहिले. १९६५ साली त्यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यात एक प्रयोग सुरू झाला. त्यातले सूत्र साधे होते : जो काम मागेल त्याला काम द्यायचे.

वरवर पाहता ही गोष्ट लहान वाटेल. पण तिने सारा क्रमच उलटा केला, बघा. काम केव्हा काढायचे हे आता कचेरीने ठरवायचे नाही. मजुराच्या मागणीने ते ठरायचे. जे उपकार म्हणून मिळत होते, ते हक्क म्हणून मिळू लागले.

१९७२ च्या मोठ्या दुष्काळात लाखो माणसे कामावर आली आणि या विचाराची गरज साऱ्या राज्याला पटली. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा, असे त्यात बंधन होते. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते अशी गावाला उपयोगी पडणारी कामे त्यातून झाली. बायामाणसांना पुरुषांइतक्याच दराने मजुरी ठरली, आणि त्या फार मोठ्या संख्येने कामावर आल्या.

पैसा कुठून आला म्हणाल, तर शहरातून. नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर १९७५ साली व्यवसाय कर बसला आणि त्याच्या जोडीला सरकारने तितकीच भर घालायची असे ठरले. गुरुजी, तुमच्या पगारातून कापला गेलेला तो कर कुणाच्या तरी भाकरीला लागला, हे मुलांना जरूर सांगा.

पुढे २००५ साली संसदेने साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला. त्याची वाट आपल्या तासगाव तालुक्याने आधीच मळून ठेवली होती.

मंडळी, पागे यांचे स्मरण करायचे तर हार-तुरे नकोत. योजनांची नावे बदलतात, नियम बदलतात. पण न मागता हक्क पदरात पडत नाही, ही गोष्ट बदलत नाही. म्हणून काम हवे असेल तर मागणी तोंडी करू नका. लेखी करा, तारीख घाला, पोच मागून घ्या. आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज, गुरुजी, तुम्ही लिहून द्या.