सुट्टी कुणाची कुठल्या वारी?

रविवार सुट्टीचा, हे मावळ तालुक्यात सगळ्यांना लागू नाही. इथली माणसं कामाला जातात त्या पिंपरी-चिंचवडच्या बहुतेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार आठवडाभर विभागला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींना वेगवेगळे वार वाटून दिले गेले, त्यात या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. शाळा रविवारी बंद, हिंजवडीतली आयटी शनिवार-रविवार बंद. लोणावळ्यातली हॉटेलं, चिक्कीची दुकानं आणि पवनेकाठचे तंबू मात्र नेमके त्याच दोन दिवसांत भरतात.

आता तो गुरुवारवाला आणि ती रविवारवाली, असं लग्न झालं तर? तालुक्यात अशी जोडपी घरटी सापडतील. त्यातून त्याची पाळी आठवड्याला बदलते. रात्रपाळी संपली की कंपनीची बस त्याला नाक्यावर सोडते, तेव्हा ती लोकल पकडायला निघालेली असते. पुणे-लोणावळा लोकल 1978 पासून धावते आणि मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव इथल्या कित्येक घरांचा दिवस तिच्यावरच बेतलेला असतो. मुंबईसारखी पाठोपाठ गाडी इथे नाही. एक चुकली की घरी पोचायला रात्र. मग नवरा-बायकोचं बोलणं उरतं ते फोनवर: गॅस बुक केला का, बाळाचा ताप उतरला का, हप्ता गेला का.

वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आताच्या पोरांत दम नाही, लगेच वेगळं व्हायचं बघतात.’ पण दम धरायलाही दोघं एका छताखाली जागी असावी लागतात. शेतीवरच्या संसारात भांडण झालं तरी दुपारी बांधावर एकच भाकरी दोघांत मोडावी लागे. आता अबोला आठवडाभर टिकतो, कारण तो मोडायला वेळच जुळत नाही.

जो वेळ उरतो, त्याची वाटणीही सारखी नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात रोज सरासरी 289 मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा 88. हे देशाचे आकडे आहेत, पण घाटाखाली-घाटावर चित्र फार वेगळं असेल असं मानायला जागा नाही. नोकरी तिनेही धरली. स्वयंपाकघर मात्र तिच्याच नावावर राहिलं.

मूल झालं की प्रश्न टोकाला येतो. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची झाली आणि 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. पण दहा-पंधरा माणसांचं हॉटेल किंवा छोटं वर्कशॉप पाळणाघराच्या त्या अटीत बसतच नाही. खासगी नोकरीतल्या बापाला तर हक्काची रजा देणारा कायदाच नाही. अंगणवाडी काही तासांची. शेवटी भिस्त आजीवर.

आणि आजीशी नातं अडतं ते जमिनीपाशी. द्रुतगती मार्ग, एमआयडीसी आणि पुण्या-मुंबईकरांचे बंगले यांनी मावळातल्या जमिनीचे भाव कुठल्या कुठे नेले. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा दिला. तरी खरेदीखताच्या वेळी लेकींपुढे हक्कसोडपत्र येतंच. सही केली तर सासरचे बोलतात, नाही केली तर माहेरची वाट बिकट होते. बाळाला सांभाळायला हक्काने ज्या घरी सोडायचं, तेच घर परकं होऊन बसतं.

वर नोकरीचा भरवसा नाही. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातलं उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबलं आणि हजारावर कामगारांच्या संसाराची घडी विस्कटली. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. पण मधल्या काळातले घराचे हप्ते कुणासाठी थांबले नाहीत. ठेकेदाराकडे असलेल्या पोराला तर बँक कर्जासाठी दारात उभंच करत नाही.

यावर नुसता पैसा हा उतारा नव्हे. जन्म वाढावेत म्हणून रशियाने 2007 पासून दुसऱ्या मुलासाठी आणि 2020 पासून पहिल्यासाठीही कुटुंबांना घसघशीत सरकारी मदत दिली. तिथला जननदर 2015 च्या सुमारास दर स्त्रीमागे 1.78 पर्यंत चढला, नंतर 1.4 च्या आसपास घसरला. इकडे महाराष्ट्राचा जननदरही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1.7 च होता. मूल कधी, किती, हा निर्णय घेताना जोडपं पगाराइतकाच सांभाळणाऱ्या हातांचा हिशेब करतं.

म्हणून उपायही वेळेच्याच अंगाने शोधायला हवेत. नवरा-बायकोला महिन्यातून निदान दोनदा एकाच वारी सुट्टी मिळेल असं पाळीपत्रक करायला कारखान्यांना फार खर्च येणार नाही. हॉटेलवाल्यांनी मिळून एक पाळणाघर चालवलं, तर तिथे राबून सोमवारी मोकळ्या होणाऱ्या बायकांचा शनिवार-रविवार सुसह्य होईल. आणि बघण्याच्या कार्यक्रमात पगार किती, जमीन किती हे विचारून झालं की मुला-मुलीने आणखी दोन प्रश्न विचारावेत: सुट्टी कुठल्या वारी, आणि त्या दिवशी स्वयंपाक कोण करणार?