मोड मोजण्याचा दिवस

सकाळी 9.30. पुण्यातल्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात भूकंपाचे हिशेब तपासणं हे माझं काम. ड्रॉइंग दुसरे काढतात, सळई दुसरे मोजतात. माझ्याकडे मॉडेल येतं आणि त्याला मी दोनच गोष्टी विचारते: ही इमारत एक झोका किती सेकंदांत घेईल, आणि झोका घेताना तिचा आकार कसा दिसेल? अशा प्रत्येक झोक्याला मोड म्हणतात. पहिलं उत्तर आयगेन व्हॅल्यूतून निघतं, दुसरं आयगेन व्हेक्टरमधून. हिशेबाला स्टिफनेस आणि मास अशा दोन मॅट्रिक्स लागतात आणि दोन्ही सिमेट्रिक असतात. तिसरा मजला ढकलल्यावर सातवा जितका हलतो, तितकाच सातवा ढकलल्यावर तिसरा हलतो, म्हणून. या सममितीमुळे आमचं निम्मं ओझं उतरतं. सगळ्या आयगेन व्हॅल्यू वास्तव संख्या निघतात आणि व्हेक्टर एकमेकांना लंब मिळतात.

आलेलं पहिलं मॉडेल दहा मजली, 30 मीटर उंच, काँक्रीटची फ्रेम. पहिल्या मोडचा काळ 9 सेकंद! भूकंपासाठीच्या आयएस 1893 या मानकातलं ढोबळ सूत्र (0.075 गुणिले उंचीचा पाऊण घात) 0.96 सेकंद सांगतं. सूत्र ढोबळ असलं तरी नऊपट चुकत नाही. मोडचा आकार पडद्यावर हलवून पाहिला तर इमारत ढिम्म उभी आणि चौथ्या मजल्यावरचा एकच बीम नाचतोय. त्याचं टोक कॉलमच्या नोडला जोडलेलंच नव्हतं. आकडा मात्र बरोबर होता; दिलेल्या मॅट्रिक्सचं तेच खरं उत्तर. मॉडेल परत पाठवलं.

11 वाजता. नवीन ज्युनियरला घेऊन बसते. पहिला आठवडा कॉम्प्युटर बंद, कागद-पेन्सिल चालू, असा माझा नियम आहे. तो ऑफिसात फारसा लोकप्रिय नाही.

तीन मजले, प्रत्येकाचं वस्तुमान सारखं, कॉलमही सारखे. मॅट्रिक्सच्या कर्णावर 2, 2, 1 आणि शेजारच्या घरांत उणे 1. आधी अंदाज करायचा: इमारत सरळ रेषेत कलेल, म्हणजे आकार 1, 2, 3. रेलेची युक्ती अशी की दर मजल्याच्या सापेक्ष सरकण्याचे वर्ग वर आणि विस्थापनांचे वर्ग खाली घ्यायचे. वर 1+1+1, खाली 1+4+9; 3 भागिले 14 म्हणजे 0.2143. खरं उत्तर 0.1981. आकार डोळे झाकून घेतला, तरी वारंवारतेत (ती या आकड्याच्या वर्गमुळावर ठरते) फक्त 4 टक्के चूक.

आता 1, 2, 3 हेच बल समजून इमारतीवर लावायचं आणि ती किती सरकते ते काढायचं. नवा आकार 6, 11, 14. पुन्हा तोच भागाकार: 70 भागिले 353, म्हणजे 0.1983. एका फेरीत तिसऱ्या अंकापर्यंत पोचलो. ज्युनियर म्हणाला, "मॅडम, मग सॉफ्टवेअर काय वेगळं करतं?" फारसं नाही. मोठ्या मॉडेलमध्ये एकाऐवजी वीस-तीस आकार घेऊन हीच फेरी फिरवतात आणि दर वेळी ते आकार एकमेकांना लंब करून घेतात.

12.15. जेवणाआधी याकोबी. 1846 मध्ये याकोबीने ही पद्धत छापली, ती सात ग्रहांच्या कक्षांच्या गणितासाठी, 7 बाय 7 ची मॅट्रिक्स हाताने सोडवून. कर्णाबाहेरचा एक आकडा निवडायचा आणि मॅट्रिक्स अशा कोनात फिरवायची की तो शून्य होईल. आमच्या तीन मजल्यांत पहिला कोन 45 अंश येतो. कर्णावरच्या 2, 2 च्या जागी 3 आणि 1 येतात आणि मधला उणे 1 नाहीसा होतो. पण जिथे आधी शून्य होतं तिथे 0.7071 उगवतो! इथे प्रत्येक नवशिक्याचा चेहरा पडतो. त्याला कर्णाबाहेरच्या सगळ्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज करायला सांगितली. आधी 4 होती, आता 2. घर झाडताना कचरा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातो, पण एकूण कमीच होत जातो, तसं हे. शेवटी कर्णावर 0.1981, 1.5550 आणि 3.2470 उरतात. बेरीज 5, सुरुवातीच्या 2+2+1 इतकीच. ही बेरीज जुळत नसेल तर पुढे जाऊ नये.

आजची पॅकेजं बहुधा हा रस्ता घेत नाहीत. हाउसहोल्डरच्या 1958 च्या पद्धतीने मॅट्रिक्स आधी तीन पट्ट्यांवर आणतात, मग क्यूआर किंवा फोडा-आणि-जोडा पद्धत चालवतात. क्यूआर 1961 च्या सुमारास लंडनमध्ये फ्रान्सिसने आणि लेनिनग्राडमध्ये कुब्लानोव्स्कायाने स्वतंत्रपणे काढली. फ्रान्सिस नंतर या विषयातूनच बाहेर पडला. 2007 मध्ये दोन गणितज्ञांनी त्याला शोधून काढलं, तेव्हा आपली पद्धत जगभर वापरली जाते हे त्याच्या गावीही नव्हतं.

दुपारी 2. दुसऱ्या एकाची पायथन स्क्रिप्ट. त्याने मासचा व्यस्त काढून स्टिफनेसला गुणलं आणि साधं 'आयग' चालवलं. असा गुणाकार केला की सममिती गेली. उत्तरं वेड्यावाकड्या क्रमाने आली, काहींना काल्पनिक शेपटीही चिकटलेली. दोन्ही मॅट्रिक्स जशाच्या तशा सायपायच्या 'आयगएच'ला दिल्या की काम झालं. पण 'आयगएच' आपल्याला विश्वासाने घेतो. सांगितलं नसेल तर तो मॅट्रिक्सचा फक्त खालचा त्रिकोण वाचतो. वरच्या त्रिकोणात काहीही भरलेलं असो, ना तक्रार ना इशारा. म्हणून मॅट्रिक्समधून तिचीच उलटापालट वजा करून शून्य येतं का, ही एक ओळ आधी लिहायचीच.

3.30. आजचा खरा वाद. चौकोनी प्लॅनची इमारत, दोन्ही दिशांना सारखी. एका मशीनवर पहिला मोड एक्स दिशेला, दुसऱ्यावर 45 अंशांत तिरका. आयगेन व्हॅल्यू शेवटच्या अंकांपर्यंत तीच. "कुठलं सॉफ्टवेअर चुकलं?" कुठलंच नाही. दोन आयगेन व्हॅल्यू समान असल्या की त्यांच्या प्रतलातली कुठलीही लंब जोडी चालते. सिमेट्रिक मॅट्रिक्समध्ये जरा ढवळाढवळ केली, तर आयगेन व्हॅल्यू त्या ढवळाढवळीपेक्षा जास्त सरकत नाहीत. व्हेक्टरना असं संरक्षण नाही. शेजारच्या दोन व्हॅल्यूंमधलं अंतर जितकं कमी, तितके ते सहज गिरकी घेतात.

हे नुसतं पुस्तकी नाही. भूकंप एक्स दिशेने आला असं धरू. तिरक्या जोडीतला प्रत्येक मोड एक्समध्ये अर्धा-अर्धा हिस्सा देतो आणि दोघे एकाच तालात डोलतात, तेव्हा बेरीज 1. पण वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढण्याची जुनी पद्धत लावली तर 0.707 येतं. म्हणजे बल 29 टक्के कमी धरलं गेलं आणि वाय दिशेला, जिथे काहीच नाही तिथे, 0.707 फुकटचं आलं. सीक्यूसी पद्धत मोडमधलं नातं धरते आणि 1 व 0 देते. वारंवारतेत 10 टक्के किंवा कमी फरक असलेले मोड आयएस 1893 वेगळे काढतं, ते याचसाठी. मी तर सीक्यूसीशिवाय रिपोर्ट वाचतच नाही.

5 वाजता. क्लायंटकडून आलेली बारा मोडची यादी पुरी आहे का? मधला एखादा निसटला तर बाकीचे शांतपणे बरोबरच दिसतात. सुरुवातीच्या आकारांत पीळ नसेल तर पिळाचा मोड हाती लागत नाही. यावर उपाय आहे. सकाळच्याच मॅट्रिक्सच्या कर्णातून 0.5 वजा करा: 1.5, 1.5, 0.5. आता गाउसचं निरसन करा, कर्णावर 1.5, 0.8333, उणे 0.7 उरतात. एक ऋण आकडा, म्हणजे 0.5 च्या खाली नेमकी एक आयगेन व्हॅल्यू. आयगेन व्हॅल्यू न काढता त्यांची मोजदाद होते. क्लायंटच्या यादीत बारा, मोजदादीत तेरा. तेरावा पिळाचाच निघाला.

6.15. जाता जाता एक मॉडेल, त्यात कडक जोड म्हणून कॉलमच्या 10^14 पट स्टिफनेसचे लिंक. कॉम्प्युटर जेमतेम सोळा अंक धरतो. 10^14 मध्ये 1 मिळवला की त्या 1 चे एक-दोन अंकच शिल्लक राहतात. चूक सगळ्यात मोठ्या व्हॅल्यूच्या मापाने येते आणि आम्हाला हवी असते सगळ्यात लहान. दहा सारख्या मजल्यांच्या फ्रेमची पहिली व्हॅल्यू, सकाळच्याच मापात, 0.022 च्या आसपास असते. ती या गोंगाटात बुडते. लिंक काढून डायफ्रॅमचं बंधन घाला, असा शेरा मारून फाइल बंद केली.

मोडल रिपोर्टवर सही करणाऱ्या तरुण इंजिनिअरांना एवढीच विनंती: वस्तुमानाचे 90 टक्के भरले म्हणून थांबू नका. प्रत्येक मोड हलवून बघा, शेजारच्या वारंवारता ताडून बघा आणि ऋण आकड्यांची ती मोजदाद एकदा करा. सगळं मिळून अर्धा तास लागतो.