भंगारात देण्याआधी आकडे वाचा

एका ताईंनी आम्हाला विचारलं, "सासरे गोव्यात बँडमध्ये वाजवायचे. त्यांचा गिटारचा जुना अँप्लिफायर भंगारवाला वजनावर मागतोय. देऊ का?"

आम्ही म्हटलं, थांबा. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचे १९५०-६०च्या दशकांतले व्हॉल्व्हचे अँप्लिफायर हौशी लोक चांगल्या किमतीला घेतात. मात्र आतले भाग मूळचे हवेत.

ते कसं ओळखायचं? मागून स्पीकरवरचा शिक्का वाचा. सुरुवातीला २२० असेल तर तो जेन्सनचा, ४६५ असेल तर ऑक्सफर्डचा. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. व्हॉल्यूम कंट्रोलच्या पाठीवरही असाच आकडा असतो. १३७६५४२ म्हणजे सीटीएस कंपनी, १९६५चा ४२वा आठवडा. सगळ्या तारखा जवळपासच्या हव्यात. एकच भाग दहा वर्षांनी नवा निघाला, तर तो बदललेला आहे.

पण पेटी स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट वीज साठून राहू शकते. आतले आकडे जाणत्या मेकॅनिककडूनच वाचून घ्या.

जुने कपॅसिटर सुकतात, ते बदललेले असले तर ती खोट नव्हे. काढलेला भाग मात्र पिशवीत जपून ठेवा. घेणारा तोही मागतो.