उदंड पावसाच्या मुलखातील कोरडे महिने

कोकणात दुष्काळ पडत नाही, असा समज राज्यात फार पूर्वीपासून रूढ आहे. आकडेवारी पाहिली तर त्यात गैर काही वाटत नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; मराठवाड्याच्या वाट्याला त्याचा जेमतेम चौथा हिस्सा येतो. तरीही रोहा, पेण, सुधागड, कर्जत या तालुक्यांतील अनेक डोंगरवाड्यांच्या विहिरी फेब्रुवारी-मार्चमध्येच तळ गाठतात. ओहोळाच्या पात्रात डवरे खणून त्यात झिरपणारे पाणी वाटीवाटीने हंड्यात भरण्याचे काम तेथील स्त्रियांच्या नशिबी येते.

हा दुष्काळ पावसाच्या तक्त्यात दिसत नाही. भाताचे पीक हाती आलेले असल्याने पैसेवारीतही तो उमटत नाही. त्यामुळे ज्यांना तो सोसावा लागतो त्यांचे दुःख दुहेरी असते. एक पाणी नसल्याचे आणि दुसरे, पाणी नाही हे कोणास पटत नसल्याचे. दरवर्षी तोच अर्ज, तीच पाहणी आणि तोच टँकर हा क्रम चालू राहिला म्हणजे वाडीवर एक प्रकारची उदासीनता पसरते. ही उदासीनता पाणीटंचाईइतकीच घातक होय. कारण ती पुढील वर्षाच्या तयारीचा उत्साहच नाहीसा करते.

खाली भरलेली नदी, वर कोरडी विहीर

रोहा शहरालगतच्या वरसे परिसरातून हा विरोधाभास विशेष स्पष्टपणे ध्यानात येतो. जवळून वाहणाऱ्या कुंडलिकेस भर उन्हाळ्यातही पाणी असते. कोलाड, रोहा व धाटाव येथील शेती, वस्ती व कारखाने यांचा मोठा आधार हीच नदी आहे. परंतु कोरड्या महिन्यांत कुंडलिकेतून वाहणारे पाणी बव्हंशी तिच्या स्वतःच्या खोऱ्यातील नव्हे. ते घाटमाथ्यावरील मुळशी जलाशयात साठविलेले पावसाळ्याचे पाणी आहे. १९२७ साली सुरू झालेल्या भिरा येथील जलविद्युत केंद्रात वीज निर्माण केल्यावर ते कुंडलिकेत सोडले जाते. खोपोलीच्या केंद्रामुळे पाताळगंगा आणि भिवपुरीच्या केंद्रामुळे उल्हास याच रीतीने वाहत्या राहतात.

म्हणजे नदीकाठचे गाव आणि वरची वाडी यांच्यावर पडणारा पाऊस एकाच ऋतूचा असतो. फरक आहे तो साठ्याचा. नदीच्या मागे मुळशीचे धरण उभे आहे. वाडीच्या विहिरीमागे काहीच उभे नाही. कोकणात पावसाळा संपल्यानंतर जे पाणी वाहते ते साठविलेलेच असते, मग तो साठा धरणाच्या भिंतीमागे असो वा जमिनीच्या पोटात. तथापि, साठा झाला की प्रश्न सुटला असेही नाही. मुळशीच्या साठ्यासाठी मावळातील शेतकऱ्यांना जमिनींना मुकावे लागले आणि त्यातूनच १९२१ चा मुळशी सत्याग्रह उभा राहिला. पेण तालुक्यात हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईकडे गेले, पण त्याच तालुक्यातील खारेपाटाच्या गावांना पिण्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे मागणी करावी लागली. यास्तव वाडीच्या गरजेपुरता साठा वाडीच्याच परिसरात करणे, हा मार्ग अधिक खात्रीचा ठरतो.

पाणी जाते कोठे?

सह्याद्रीचा हा भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. अखंड, घट्ट कातळात पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमाच्या थरात, खडकाच्या भेगांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यात साठते. उतार तीव्र आणि मातीचा थर पातळ असल्याने पावसाचे बहुतेक पाणी काही तासांतच ओहोळांवाटे खाडीकडे धाव घेते. जे थोडे मुरते तेही उताराच्या दिशेने झिरपत जाऊन खालच्या झऱ्यांतून बाहेर पडते. वर्षाच्या पावसापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने हा उथळ साठा केवळ रिता होत राहतो.

हिमालयातील हिवाळी अवर्षणाशी तुलना केल्यास येथील प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होईल. तेथे हिवाळ्यातील पाऊस व बर्फ पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेवर अवलंबून असतो. ती आली नाही तर काय होते, हे जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या बर्फाविना उघड्या पडलेल्या उतारांनी दाखवून दिले. सह्याद्रीत मात्र हिवाळी पाऊस जवळजवळ नसतोच. येथील कोरड हा निसर्गाचा अपघात नसून नेमाने येणारा ऋतू आहे. हिमालयातील शेतकऱ्यास आकाशाकडे पाहावे लागते. सह्याद्रीतील ग्रामपंचायतीने दिनदर्शिकेकडे पाहिले तरी पुरे.

गरज किती, पाऊस किती?

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले. दोनशे लोकवस्तीची वाडी घेतली तर तिला दिवसाला ११ हजार लिटर आणि ऑक्टोबर ते मे या सुमारे २४० दिवसांत २६ लाख ४० हजार लिटर पाणी लागेल. तीन हजार मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडतो तेव्हा तेथे तीन कोटी लिटर पाणी पडलेले असते. म्हणजे एका हेक्टरवरील पावसाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पाण्यात ती वाडी आठ महिने निभावू शकते. उणीव पावसाची नाही, हे सांगण्यास याहून अधिक पुरावा नको.

टंचाई दिसते मार्चमध्ये, ठरते ऑक्टोबरमध्ये

शासनाचा टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांचा असतो. विहिरी खोल करणे, गाळ काढणे, नळयोजनांची दुरुस्ती, विंधन विहिरी, खाजगी विहिरींचे अधिग्रहण, टँकर आदी उपाय त्यात येतात. व्यवहारात मात्र पहिला टप्पा बहुधा कागदावर राहतो आणि सारी धावपळ तिसऱ्या टप्प्यात होते. तोवर अडविण्याजोगे पाणी ओहोळात उरलेले नसते, आणि ज्या वाडीस रस्ता नाही तेथे टँकरही पोहोचत नाही.

आणखी एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. कातकरी समाजातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व अन्य कामांवर स्थलांतर करतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पाण्याचा विषय निघतो तेव्हा निम्मी वाडी गावात नसते. याउलट १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी माणसे गावात असतात आणि ओहोळही वाहत असतात. पाण्याचे नियोजन या दोन ग्रामसभांत होणे म्हणूनच इष्ट होय.

करण्याजोगी कामे

पहिले काम वनराई बंधाऱ्याचे. महाड तालुक्यातील नाते गावचे सुपुत्र मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे हे नाव सर्वतोमुखी झाले. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती वा वाळू भरून ओहोळावर घातलेला हा बांध श्रमदानातून होतो. पाण्याचा जोर ओसरलेला, पण धार चालू आहे, असा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ त्यास योग्य. अडविलेल्या पाण्यामुळे लगतच्या विहिरीची पातळी अधिक काळ टिकते. पावसाळ्यापूर्वी गोण्या काढून घ्याव्यात, अन्यथा त्या वाहून जाऊन ओहोळ तुंबतात.

दुसरे काम झऱ्यांचे. सिक्कीम राज्याने २००८ पासून ‘धारा विकास’ कार्यक्रमाद्वारे आटणाऱ्या झऱ्यांच्या पुनरुज्जीवनाकडे लक्ष दिले. येथे आरंभ मोजमापापासून करता येईल. १० लिटरची बादली ७५ सेकंदांत भरत असेल, तर झरा मिनिटास ८ लिटर, म्हणजे दिवसास ११ हजार ५२० लिटर पाणी देतो. वर उल्लेखिलेल्या दोनशे वस्तीच्या वाडीस ते पुरेसे आहे. परंतु रात्रभर वाहणारे पाणी साठविण्यास टाकी नसेल, तर सकाळी रांग ही लागणारच. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी महिन्यातून एकदा अशी नोंद ठेवल्यास दोन वर्षांत ग्रामपंचायतीच्या हाती भक्कम आधार येईल. पाहणीस येणाऱ्या अधिकाऱ्यालाही तोंडी तक्रारीपेक्षा अशी नोंदवही अधिक उपयोगी पडते.

तिसरे काम छपरावरील पाण्याचे. पाच माणसांच्या घरास पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी १० लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांना ६ हजार लिटर पाणी लागते. शाळा व अंगणवाडीच्या छपरापासून या कामाचा प्रारंभ करता येईल.

एक सावधगिरी

पाणी जिरविण्याच्या उत्साहात डोंगरउतारावर सरसकट समतल चर खणणे मात्र कोकणात धोक्याचे ठरू शकते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी येथे दरडींनी वस्त्याच गिळल्या. उतारावरील मातीत अतिरिक्त पाणी मुरले की तिची पकड सुटते. म्हणून वस्तीच्या वरील उतारावर कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांचा सल्ला घेणे अत्यावश्यक आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या या यंत्रणेचे मार्गदर्शन विहिरीची जागा ठरवितानाही घ्यावे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ ने साठ मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत, हेही पंचायत सदस्यांनी लक्षात ठेवावे.

डोंगरवाडीवरील निराशा केवळ आश्वासनांनी दूर होणार नाही. एका वाडीची विहीर एखाद्या वर्षी मार्चऐवजी मे महिन्यापर्यंत टिकली, तर त्या दोन महिन्यांत डोक्यावरचा हंडा उतरलेल्या मुली शाळेत दिसतील आणि पुढील ऑक्टोबरमध्ये बांधावर येणारे हात आपोआप वाढतील. सह्याद्रीवर पाऊस दरवर्षी आपले काम चोख करतो. तो थांबल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात ग्रामपंचायत, शाळा आणि तालुका कार्यालय यांनी आपले काम केले, तर उरलेले सात महिने सुसह्य होतील.